विहिणीचा घ

माझी विहीण मला बदक म्हणायची. तोंडावर. आणि तेही पहिल्याच भेटीत, चारचौघांत, माझ्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी. मी पैठणी नेसलेली, नाकात नथ, वरमाई म्हणून जरा ताठच उभी. नॉटिंगहॅमच्या त्या रजिस्ट्री ऑफिसच्या पायऱ्यांवरून ही बाई धपाधप खाली आली, माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली आणि म्हणाली, "ए अप, मी डक!" मिहिर, माझा मुलगा, घाईघाईने कानाशी लागला. "आई, 'काय गं, कशी आहेस' असं विचारतायत. इकडे सगळ्यांनाच डक म्हणतात गं. प्रेमाने." असेल बाबा. पण प्रेमाचा आणि पाण्यातल्या पाखराचा काय संबंध, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता विहीण म्हणजे काय, हे मी मराठी माणसांना सांगायला नको. मुलाची आई आली की तिच्या पायांवर पाणी घालायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची, जाताना हातात साडी ठेवायची. मी काही मानपानाला हपापलेली नव्हते. लंडनजवळच्या हॅरोत राहून कसला आलाय मानपान! पण माणसाला आतून थोडी आशा असतेच. मला काय मिळालं? चहा. तोही कपात आधी दूध ओतून, मग त्यात पिशवी बुचकळून. आणि वर, "ड्रिंक अप, डक, गार होईल."

पुढे मी तिला 'ती'च म्हणणार आहे, कुणी शिष्टाचार काढू नये. इंग्रजीतलं 'यू' हे तू की तुम्ही, ते कळायला मार्ग नसतो असं लोक म्हणतात. मला बरोबर कळलं होतं. तिचं 'यू' अरे-तुरेचंच होतं. मग मी तरी का अहो-जाहो करू? मनातल्या मनात मी तिला पहिल्या दिवसापासून 'अगं ए' म्हणत आले.

ती मूळची आयर्लंडची. दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यातून तरुणपणी नॉटिंगहॅमला आली आणि निवृत्त होईपर्यंत शहरात बस चालवली. नवरा लवकर गेला. एकटीने मुलगी वाढवली, हे सगळे कौतुकाने सांगायचे. मीही मान डोलवायची. पण बस सुटली तरी बाईच्या अंगातून बस गेली नव्हती. स्वयंपाकघरात चार माणसं उभी राहिली की ही ओरडणार, "मागे सरका, मागे सरका, आत भरपूर जागा आहे!" जेवणाच्या टेबलावर कुणी ताट मध्येच ठेवून उठलं की, "इथे थांबायचं नाही, हा स्टॉप नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसायची असं, की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागायचा.

तिच्या मुलीचं नाव नीव. गोड मुलगी आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लग्नपत्रिकेवर ते नाव इंग्रजीत असं काही लिहिलं होतं, की मी कितीतरी दिवस तिला 'नियाम्ह' म्हणत होते आणि ती बिचारी ओ देत होती. शेवटी मिहिरने सांगितलं. मी म्हटलं, अरे, मग तसं लिहा ना! आमच्याकडे जे बोलतो ते लिहितो. यावर विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडेही तसंच आहे, डक. फक्त अक्षरं इंग्रजांची उसनी आणलीत, ती त्यांना नीट वापरता येत नाहीत." मला तिथल्या तिथे कधीच उत्तर सुचत नसे. हॅरोला परतताना गाडीत सुचायचं, एकाहून एक.

खरी लढाई सुरू झाली ती बाळाच्या नावावरून. त्याआधी मला ह्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

ह्यांचं नाव घनश्याम. लिहायला मला कधीच अडचण नव्हती, आयुष्यभर हजार ठिकाणी लिहिलं. तोंडाने घेणं वेगळं. मी काही बुरसटलेली बाई नाही. हॅरोत बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे इथल्या एका बँकेच्या, काउंटरवर नोकरी केली, मोटार चालवते, पॅन्टही घालते. पण नवऱ्याला मी 'अहो' म्हटलं ते म्हटलं. हळदीकुंकवाला बायकांनी फारच धरलं तर उखाण्यात काय ते नाव घ्यायची, तेही शेवटचा शब्द गिळून. मुलं बाबा म्हणायची. आणि ऑफिसात? तिथे साहेबाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हे काही मला जमणार नाही. मी तुला शॅम म्हणतो." झालं. शॅम म्हणजे ढोंग. बनावट. ज्या माणसाने उभ्या जन्मात कधी रजेचं खोटं कारण दिलं नाही, त्याचं नाव ढोंग. हे हसायचे. "अगं, हाक मारली की मी वळून बघतो ना? मग झालं," म्हणायचे. निवृत्तीच्या केकवरसुद्धा क्रीमने 'शॅम' लिहिलेलं. त्या केकचा तुकडा मी तोंडात घातला नाही.

हे गेले आणि वर्षाच्या आत नीवला दिवस गेल्याचं कळलं. मुलगा आहे, असं इथे डॉक्टर आधीच सांगतात. मी मिहिरला फोन केला. म्हटलं, "दुसरं तिसरं काही बघू नका. तुझ्या बाबांचं नाव ठेवा." तो म्हणाला, "आई, बाबांना लोकांनी आयुष्यभर शॅम म्हटलं. तू त्या केकवरून महिनाभर रडत होतीस. माझ्या मुलाच्या वाट्याला पुन्हा तेच?" मधलं नाव तरी द्या म्हटलं, तर ती जागा नीवच्या माहेरच्या आडनावाने आधीच धरून ठेवलेली. म्हणजे ह्यांना पहिल्या जागेवरही जागा नाही, मधल्याही नाही. त्याचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण नवऱ्याचं नाव जगातून पुसलं जातंय आणि आपण फोन धरून उभ्या आहोत, हे कुणाला पटेल?

त्याच्या पुढच्या शनिवारी मी नॉटिंगहॅमला गेले. मुलं विहिणीच्याच गल्लीत राहतात, पण जमायचं सगळं तिच्या घरी. बघते तर काय, विहीणबाई मागच्या दारात उभ्या, नीव सोफ्यावर फोनवरून मुलांची केल्टिक नावं आणि त्यांचे अर्थ वाचतेय, आणि ही बाई एकेक नाव घेऊन बागेत बोंब मारतेय. हो, बोंबच. "नाव अर्थासाठी नसतं, डक," तिने मला ऐकवलं. "नाव बागेच्या टोकापर्यंत पोचलं पाहिजे. तिकडे पोरगं खेळत असतं, इकडे चहा गार होत असतो. जे पोचत नाही ते नाव काय कामाचं?"

मग आमची जुगलबंदी सुरू झाली. नीव म्हणाली, "उशीन. म्हणजे हरणाचं पाडस." मी म्हटलं, उशी? आमच्याकडे डोक्याखाली घेतात. "कॉनर. कुत्र्यांवर प्रेम करणारा." शेजारच्या कुत्र्याने लगेच ओ दिली. "कॅमरन." आता हे तरी ओळखीचं, म्हणून मी मान हलवणार, तेवढ्यात नीव म्हणाली, "म्हणजे वाकडं नाक." अगं बाई! माणसं पोटच्या पोराला वाकडनाक्या म्हणून हाक मारतात? "देवी. हे वेल्समधलं आहे, म्हणजे लाडका." मी कपाळावर हात मारला. मुलाचं नाव देवी! माझ्या आजीच्या पिढीत देवी आल्या की माणसं दाराला कडुलिंबाचा डहाळा लावून बसायची. "एध," नीव स्पेलिंग बघत म्हणाली. "एध नव्हे, नुसतं ए," विहिणीने दुरुस्त केलं. "म्हणजे अग्नी." मी म्हटलं, "ए? मग हाक कशी मारायची? ए ए?" पहिल्यांदाच मला उत्तर जागच्या जागी सुचलं होतं आणि मिहिर खो खो हसत होता. ती मात्र शांतपणे म्हणाली, "बरं. मग तुझं काय नाव आहे ते सांग."

मी सांगू कशी? तोंडाने घ्यायची सवयच नाही. मिहिरने सांगितलं. तिने ते एकदा पुटपुटून बघितलं. मग मला विचारलं, "अर्थ काय?" आता अर्थ सांगायला कसली बंदी? मी चांगली तोऱ्यात सांगितलं. घन म्हणजे ढग, श्याम म्हणजे काळासावळा. पावसाने भरून आलेल्या ढगासारखा सावळा. कृष्णाचं नाव आहे. "हं," ती म्हणाली. "तो तसाच होता, नाही?" मी म्हटलं, होता. आणि उठून चहाचे कप विसळायला लागले, कारण डोळे भरून आले होते आणि ते मला तिला दाखवायचे नव्हते.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"घनश्याम!"

सिंकमध्ये माझे हात तसेच राहिले. बाई मागच्या दारात उभी राहून बागेत हाक मारत होती. ह्यांना. चहाला बोलावतात तशी. घ अगदी आपला नव्हता, गुळण्या करताना घशातून निघतो तसा काहीतरी खरवडलेला, पण घ होता. ग नव्हता. ह्या देशात इतकी वर्षं काढली, एकाही गोऱ्या माणसाच्या तोंडून मी तो आवाज ऐकला नव्हता. "घनश्या–म!" पुन्हा एकदा. लांबवर गेला आवाज. कुंपणापर्यंत. आणि कुणीच आलं नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओल्या हातांनी वळले आणि काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. "तुला कुणी अधिकार दिला? तो काय तुझ्या बागेतला कुत्रा आहे?" असं काहीतरी. नीव घाबरून उठून बसली. विहीण मात्र हात पुसत म्हणाली, "पोचतं की. सगळ्यांत लांब पोचतं." आणि वर मिहिरला, "हा घ कसला अवघड? आमच्या गावच्या आयरिश भाषेत असाच काढतात. शाळेत इंग्रजी शिकेपर्यंत मी तीच बोलत होते." मी पुढच्या गाडीने हॅरोला परत आले. वाटेत त्या दिवशी मला एकही उत्तर सुचलं नाही.

बाळ झालं. गोरटेलं बिरटेलं काही नाही, चांगलं ह्यांच्या रंगाचं. डोळेही तेच. थोड्या दिवसांनी मिहिरचा फोन. "आई, नाव ठरलं. किरण."

किरण! माझ्या जिवात जीव आला. ह्यांचं नाही तर नाही, पण साधं, सोज्वळ, आपलं नाव. उन्हाचा किरण. "कुणी सुचवलं?" "नीवच्या आईने." मी मनात म्हटलं, आली ना वठणीवर! हॅरोतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी फोन करकरून सांगितलं, की विहिणीने माघार घेतली, शेवटी मराठी नाव ठेवतायत. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग जरा लांबलचक होतं, मध्ये एक जास्तीचं अक्षर. म्हटलं, ह्या लोकांना जास्तीच्या अक्षरांची हौसच आहे, असू दे.

बारसं तिच्या घरी ठेवलं, कारण बैठकीची खोली मोठी. पाळणा मी हॅरोहून नेला, फुलं लावली, घुगऱ्या केल्या. मैत्रिणी मिनीबस करून आल्या आणि दारातच तिने त्यांना "मागे सरका, आत भरपूर जागा आहे" सुरू केलं. घुगऱ्यांवर तिने पुदिन्याचं आंबट सॉस ओतलं. तिथे उकडलेल्या वाटाण्यावर तेच घालतात म्हणे. "मस्त झालंय, डक, फक्त थोडं बेचव होतं, मी सुधारलं." सकाळपासून ढीगभर स्वयंपाक करून हे ऐकायचं! मी मूग गिळून बसले. दिवस माझा होता.

माझी मुलगी वृषाली आत्या म्हणून पाळण्यापाशी बसली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. वृषालीने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत लटके बुक्के घातले. विहिणीला वाटलं खरोखरच मारायचं असतं. बस वळवणारा हात तो. वृषाली पाळण्यावर पडता पडता वाचली. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग वृषालीला आणखी उत्साह आला. पोरगी जन्माने इथलीच, तिचं मराठी म्हणजे काय सांगू! फोन बघून ती मोठ्याने म्हणाली, "आणि एव्हरीवन, नावाची अर्थ पण आहे! किरन, आयरिश नेम, इट मीन्स लिटल डार्क वन. म्हणजे… छोटा काळी!"

मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी विहिणीकडे बघितलं. ती घुगऱ्या खात होती.

आम्ही या देशात नवीन आलो तेव्हा बसस्टॉपवर पोरं मागून काय काय ओरडायची, ते मी इथे लिहिणार नाही. सगळे शब्द रंगाचे होते. आणि दुसऱ्यांना कशाला नावं ठेवा, ह्यांचं स्थळ आलं तेव्हा माझी स्वतःची आई म्हणाली होती, "मुलगा हुशार आहे, पण काळा आहे गं." ते सगळं एकदम वर आलं. मी पाहुणे बघितले नाहीत, पाळणा बघितला नाही. "माझ्या नातवाला काळू म्हणतेस?" मी ओरडले. आधी मराठीत, मग तिला कळावं म्हणून इंग्रजीत. "सगळी नावं सोडून तुला हेच मिळालं? त्याचा रंग बघून ठेवलंस?"

"हो," ती म्हणाली.

हो! लाज ना शरम. बशी खाली ठेवली, ओठ पुसले आणि म्हणाली, "रंग बघूनच ठेवलं. तूच ह्या स्वयंपाकघरात सांगितलंस ना, ढगासारखा सावळा, आणि तो तसाच होता म्हणून? मग मी सावळा शोधला. आमच्याकडे सावळ्याला किरन म्हणतात. मोठ्या संतांचं नाव आहे. नाव तेच आहे, डक. तुझ्या माणसाचंच. फक्त इथल्या शाळेतल्या मास्तरांना त्याचं शॅम करता येणार नाही."

मिहिरने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. मैत्रिणींपैकी एकीने पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांना वाटलं, आता मी हिच्या गळ्यात पडणार. डोंबल पडते गळ्यात! मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. माझ्या नवऱ्याचं नाव माझ्या नातवाला मिळालं होतं आणि ते देणारी मी नव्हते. मी रडले, भांडले, फोन आपटले, आणि शोधून काढलं कुणी? पुदिन्याचं सॉस ओतणाऱ्या ह्या बाईने. मी एवढंच म्हटलं, "आधी सांगायचं नाही?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." आणि ते खरं होतं, म्हणून तर आणखी संताप झाला. मी आत जाऊन चहा टाकला. आधी पाणी, मग पत्ती, मग दूध. तिला दाखवून.

पुढची वर्षं आम्ही इमानेइतबारे भांडलो. मी वरणभात भरवावा, तिने मागून बटाटा द्यावा. मी त्याच्या डोळ्यांत काजळ घातलं तर तिने ओल्या फडक्याने पुसलं. जावळ काढायचं म्हटलं तर ही पाळण्यासमोर हात पसरून उभी, "पुढच्या स्टॉपपर्यंत कुणी हात लावायचा नाही!" किरण मला आजी म्हणायचा आणि तिला नॅन. दोघींकडून दुप्पट खाऊ उकळायचा. मी म्हणायची किरण, उन्हाचा. ती म्हणायची किरन, सावळा. पोरगं दोन्हीला ओ द्यायचं.

मग तिची फुप्फुसं बिघडली. ती आजाराबद्दलही बसच्याच भाषेत बोलायची. "इंजिन गेलंय, डक. आता डेपोला लावायची." बागेकडच्या खोलीत तिचा पलंग हलवला. मिहिर म्हणाला, "आई, एकदा येऊन जा." मी गेले. डब्यात घुगऱ्या नेल्या होत्या. तिने दोन दाणे खाल्ले आणि पुदिन्याचं सॉस मागितलं. मेली जाता जातासुद्धा सुधारली नाही.

"अजून रागावलीयस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. रागावलेली बाई नीट जेवते." मग बराच वेळ श्वास गोळा करत पडून राहिली. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "एक सांग. तू त्याला काय म्हणायचीस? नावाने हाक मारताना मी तुला कधीच ऐकलं नाही."

मी म्हटलं, "अहो."

"म्हणजे काय?"

अहोचं इंग्रजी काय करणार? मी म्हटलं, "म्हणजे… ऐका ना."

ती हसायला लागली आणि हसता हसता खोकायला. मी पाठ चोळली. हाडं लागली हाताला. "एवढा सगळा संसार, आणि नवऱ्याचं नाव ऐका ना?" खोकला थांबल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. "मग त्याचं नाव आता घेतं कोण, डक?"

मला राग आला. काय ही विचारायची गोष्ट? मी उठून खिडकी लावली, गार वारा येत होता म्हणून. परतताना गाडीतही उत्तर सुचलं नाही.

ती गेली. चर्चमध्ये एवढी माणसं, की उभं राहायला जागा नाही. बस चालवणारे, बसमधून जाणारे, कोण कोण. नंतर सगळे तिच्या घरी चहाला आले. सँडविचं, केक, आणि लोक चक्क हसतायत. मी स्वयंपाकघरात कप विसळत उभी होते, त्याच सिंकपाशी. मिहिर म्हाताऱ्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेला होता. नीव आली. डोळे सुजलेले.

"आई, किरन बागेत शेडमागे जाऊन बसलाय. मी हाका मारून दमले. येत नाही." मग म्हणाली, "ममने सवय लावून ठेवलीय. ह्या दारातून चहाला बोलवायची ती दुसऱ्या नावाने."

"कुठल्या दुसऱ्या?"

"बाबांच्या. रोज. मला तो घ जमत नाही, आई."

रोज. ही बाई रोज ह्या दारात उभी राहून ते नाव घेत होती, आणि मला विचारत होती, कोण घेतं म्हणून!

मी हात पुसले. मागच्या दारात जाऊन उभी राहिले. आधी "किरण" म्हणून हाक मारली. शेजारचा कुत्रा भुंकला, दुसरं कुणी हललं नाही. मी घसा खाकरला. घरात सगळी परकी माणसं, उखाणा नाही, हळदीकुंकू नाही, कुणी आग्रह करत नाही. लाज वाटत होती. खरंच सांगते, त्या वयात मला नव्या नवरीसारखी लाज वाटत होती.

"घनश्याम," मी म्हटलं. ते पायरीपर्यंतही पोचलं नाही. मी श्वास घेतला. "घनश्याम!"

पोचलं. कुंपणापर्यंत गेलं.

आणि आला. शेडमागून निघाला, काळ्या बुटांना चिखल, गुडघे हिरवे, नाक गळतंय. धावत दारापर्यंत आला आणि मला बघून थबकला. ह्यांचेच डोळे. संशयाने माझ्याकडे बघत म्हणाला, "आजी, यू सेड इट राँग. नॅन ते घशातून म्हणते."

"तिचाच चुकीचा होता," मी म्हटलं. "त्या बाईने आयुष्यात एक गोष्ट धड केली नाही. हा खरा घ आहे. ऐक."

आणि मी पुन्हा म्हटलं.